ऐकून घ्यायचा वर्ग

माझ्या नवऱ्याच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, सिगरेट सुटल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, आणि ऑपरेशन झालं नाही तर पाय जाईल. मी वर्षानुवर्षं ह्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून इकडे तमिळ मुलखात, आमच्या पेरुंगुडीच्या सोसायटीत, सिगरेट सोडू पाहणाऱ्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मदत कशी करायची, याचा वर्ग निघाला तेव्हा पहिलं नाव माझं.

वर्ग घेणाऱ्या बाई तमिळ, आणि माझं तमिळ भाजीवाल्यापुरतं. पण त्यांचा पहिला नियम बरोब्बर कळला. आपल्या घरच्या माणसाला आपण समजवायचं नाही, त्याच्याकडे दुसऱ्यानं जायचं. तो जे बोलेल ते ऐकणाऱ्याच्याच पोटात राहील, बायकोलासुद्धा सांगायचं नाही. मग मी काय इथं माशा मारायला आले?

माझ्या वाट्याला समोरच्या इमारतीतला एक ड्रायव्हर आला, आणि ह्यांच्याकडे वर्गातल्याच, खालच्या मजल्यावरच्या अक्का यायला लागल्या. अक्का तंजावरच्या मराठी घरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इकडच्याच. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेलाचं, आणि तेही मोजकं. मला वाटलं, जो माणूस डॉक्टरला जुमानत नाही तो अक्कांना काय भीक घालणार!

संध्याकाळी त्या यायच्या आणि ह्यांच्याजवळ गॅलरीत बसायच्या. मी स्वयंपाकघरातून कान टवकारायचे. अक्का एखादा प्रश्न विचारायच्या आणि गप्प. आणि आमचा हा मुखदुर्बळ माणूस, जो मला ‘आमटीत मीठ कमी आहे’ यापलीकडे काही सांगत नाही, तो चक्क बोलत असायचा. हळू, थांबत थांबत. एकदा न राहवून जिन्यात अक्कांना गाठलं, विचारलं, काय बोलतात हो हे तुमच्याशी? त्या नुसत्या हसल्या, माझा हात थोपटला आणि गेल्या. राग आला, पण खरं सांगते, त्या बाईपुढं मनातल्या मनात मान लवली. ऐकलेलं पोटात ठेवणं म्हणजे काय खायचं काम आहे?

सिगरेट कमी होत होत बंद झाली. ऑपरेशनची तारीख मिळाली. आणि नेमकं त्याच्या तोंडावर, एका दुपारी हे घाईघाईनं चपला घालून अक्कांकडे गेले नि तसेच परत आले. अक्कांच्या दाराला कुलूप. त्या मुलीकडे कुंभकोणमला गेलेल्या. हे गॅलरीत बसले. नजर समोरच्या चहाच्या टपरीवर. तिथं सुटी सिगरेट मिळते.

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पण मूग गिळले आणि शेजारी जाऊन बसले. तल्लफ येते, चढते, आणि धीर धरला तर आपोआप उतरते, असं बाई वर्गात सांगायच्या. मला ते पुस्तकी वाटायचं. आता ते मी डोळ्यांनी पाहत होते. कपाळावर घाम, दात आवळलेले. बाळंतपणाच्या कळेसारखी ती आली, शिगेला पोचली, आणि कशी कोण जाणे, ओसरली. ह्यांचे खांदे सैल पडले. देवाशपथ, माणसाच्या अंगात एवढं बळ असतं हे मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

पुढं ऑपरेशन झालं, पाय वाचला. पण माझ्या मनातून ती दुपार जात नाही, कारण मी काही न विचारता हे आपणहून बोलले.

“बाबा गेले तेव्हा सगळे रडत होते. मला रडूच येईना. त्यांच्या खिशात सिगरेटचं पाकीट होतं, गच्चीवर जाऊन त्यातली एक ओढली. तीच पहिली.”

आणि एवढं बोलून तो साठीचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बापासाठी रडला.