आडनावाच्या रकान्यात आजोबा

“वर्षा, तुमच्या सॉफ्टवेअरच्या मते माझ्या अशिलाला बायकोच नाही. मुलगीही त्याची नाही. हे कसं काय, सांगशील?”

फोनवर हार्लेमच्या वकीलबाई होत्या, साशा. आवाज चढलेला नव्हता. डच माणूस खरा रागावला की आवाज खाली येतो, एवढं नऊ वर्षांत मला कळलंय.

मी द हेगमधल्या एका छोट्या कंपनीत बिझनेस अॅनालिस्ट आहे. म्हणजे क्लायंटला काय हवंय ते ऐकायचं आणि प्रोग्रामरला कळेल अशा नियमांत लिहून द्यायचं. आमचं सॉफ्टवेअर वकील वापरतात. निर्वासिताला इथे राहायची परवानगी मिळाली की तो बायकोमुलांना बोलवायचा अर्ज करतो. त्या अर्जाची फाइल आमची सिस्टिम बांधते. कागदांवरची नावं भरली की कोण कोणाचं कोण याचा तक्ता आणि वर एका पानाचा सारांश आपोआप तयार होतो.

साशाच्या अशिलाचं नाव नासिर. अफगाणिस्तानात आधीच्या सरकारात जिल्ह्याचा शाळा तपासनीस, आता इथे गोदामात पॅकिंग करतो. बायको झरमीना आणि चौदा वर्षांची मुलगी परवाना इस्लामाबादमध्ये एका खोलीत अडकलेल्या. व्हिसाची मुदत संपत आलेली. तो संपला की पोलीस सरहद्दीपलीकडे सोडणार, आणि पलीकडे चौदा वर्षांच्या मुलीला शाळा नाही.

अर्ज नामंजूर झाला होता. कारण म्हणून आमच्याच सारांशातलं वाक्य उचललेलं होतं: ‘कागदपत्रांवरून कुटुंबसंबंध सिद्ध होत नाही.’ साशाच्या ऑफिसने साठ पानांच्या गठ्ठ्यात तो सारांश न वाचता जोडला होता. पण वाक्य आमचं होतं. खरं सांगायचं तर माझं होतं.

अफगाण ओळखपत्राला तझकिरा म्हणतात. त्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आजोबांचं नाव असतं. दोन वर्षांपूर्वी हे तीन रकाने आमच्या टीमपुढे आले तेव्हा सगळे गोंधळले. डच लोकांना नाव आणि आडनाव, एवढंच ठाऊक. मी मात्र खुर्चीत पुढे सरकले. तीन रकाने! हे तर आमचंच. वर्षा सुधीर माने. सुधीर दत्तात्रय माने. ईशान सुधीर माने. मी, नवरा, मुलगा, तिघांची नावं मी बोर्डावर लिहून दाखवली. मधलं नाव मुलांचं असेल तर वडिलांचं, लग्न झालेल्या बाईचं असेल तर नवऱ्याचं, आणि शेवटी सगळ्यांचं एकच आडनाव. हे जुळलं की कुटुंब एक.

सॉफ्टवेअरमध्ये काय जाणार ते ठरवणारी आमची प्रॉडक्ट ओनर मार्लीस म्हणाली, “नक्की ना? त्यांच्याकडेही असंच असतं?”

“आमचे शेजारीच ते,” मी म्हणाले. “माझ्यावर सोड.”

माझ्या घरात माझ्याआधी कोणी बारावी ओलांडली नव्हती. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. ज्यांचे आजोबा प्रोफेसर होते अशा माणसांना मी काहीतरी शिकवतेय, याचं सुख मला त्या दिवशी फार झालं. ते लपवण्यात अर्थ नाही. मी माझ्याच घरची नावं घालून नियम टेस्ट केला. सगळं हिरवं, म्हणजे पास.

आता नासिरच्या घरात काय झालं पाहा. नासिर, वडील हबीब, आजोबा याकूब. परवाना, वडील नासिर, आजोबा हबीब. झरमीना, वडील लतीफ, आजोबा कादिर. लग्न झालं तरी बाई वडिलांच्याच नावाने. माझ्या नियमाने आजोबा आडनावाच्या रकान्यात जाऊन बसले. बाप याकूब, लेक हबीब, आई कादिर. तीन माणसं, तीन आडनावं. आईच्या मधल्या नावात नवराही नाही. सिस्टिमने तीन वेगळी कुटुंबं काढली.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला नुसतं अज्ञान म्हणता आलं असतं.

आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस वहीदसाहेब येतात. पासष्टीचे असतील. काबूलच्या नोंदणी खात्यात तीस वर्षं होते, आता आमच्याकडे टेस्टर. काही वर्षं पेशावरला काढल्यामुळे त्यांना उर्दू येते, मला हिंदी, तेव्हा आमचं छान जमतं. मला वर्षाबहन म्हणतात. माझा नियम चालू झाला त्याच आठवड्यात त्यांनी मला तीन पानांची ईमेल पाठवली होती. मोडकी इंग्रजी, सुरुवात थेट राजाच्या काळापासून. मी पहिला परिच्छेद वाचला आणि मनात म्हणाले, काका आता तैमूरपर्यंत जाणार. तिकीट, म्हणजे त्या ईमेलवरून सिस्टिमने उघडलेली दुरुस्तीची नोंद, बंद केलं. शेरा लिहिला: ‘इतिहास. कृती नको.’

साशाचा फोन ठेवल्यावर ती ईमेल मी पूर्ण वाचली. त्यांनी लिहिलं होतं की सरकारने लोकांना आडनावं घ्यायला सांगितली, शहरातल्या शिकलेल्यांनी घेतली, खेड्यांनी नाही घेतली. नाव नोंदवलं की पोरगा सैन्यात ओढला जाणार, म्हणून निम्मी गावं कचेरीकडे फिरकत नव्हती. बायकांची नावं परक्या कारकुनाला सांगायची पद्धत नव्हती. राजा गेला, कम्युनिस्ट पार्टी आली, मुजाहिद आले, तालिबान आले, रिपब्लिक आलं, पुन्हा तालिबान. शिक्के बदलले. गावात माणसाची ओळख मात्र बापाची आणि आजोबाचीच राहिली. आणि चौथ्या परिच्छेदात स्वच्छ वाक्य होतं: आजोबांचं नाव हे आडनाव नव्हे, कृपया जुळवू नये, कुटुंबं तुटतील.

दुपारी मीटिंग बसली. मार्लीस, दोन प्रोग्रामर, मी आणि वहीदसाहेब. मार्लीसने सरळ विचारलं, “हे आधी कोणाच्या लक्षात आलं होतं का?”

माझ्या लॅपटॉपवर ती ईमेल उघडी होती.

“इतकं क्लिअरली नाही,” मी म्हणाले.

वहीदसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, “माझी इंग्रजी क्लिअर नाही. मी लिहिलं होतं, पण चांगलं नव्हतं लिहिलं.”

मार्लीसने मान हलवली आणि पुढचा मुद्दा घेतला. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी प्रोग्रामरला नवा नियम समजावत बसले. फार मुद्देसूद समजावला.

संध्याकाळी ट्रामच्या स्टॉपवर ते उभे होते. मी जवळ जाऊन म्हणाले, “साहेब, तुमची ईमेल क्लिअर होती. मी वाचलीच नव्हती.”

“माहीत आहे मला,” ते म्हणाले. “तीन पानं एका मिनिटात बंद झाली. सिस्टिम वेळ दाखवते, वर्षाबहन.”

“मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?”

“काय बोलू? तुमचा शेरा वाचून दाखवू?” मग म्हणाले, “काबूलला तुमच्याच खुर्चीवर मी बसलो होतो. नवा फॉर्म आला, त्यात आडनावाचा रकाना. दोन दिवस चालून म्हातारे यायचे. मी म्हणायचो, रकाना रिकामा आहे, आडनाव ठरवून उद्या या. आम्हाला देश उभा करायचा होता ना! ते उद्या यायचे नाहीत. कधीच यायचे नाहीत. आम्ही रिपोर्ट लिहायचो, जनता अडाणी आहे.”

“तुमचं वहीदी आडनाव?”

“स्कॉलरशिपच्या फॉर्मवर, पाच मिनिटांत, स्वतःच्याच नावावरून घेतलं. बापाने वर्षभर थट्टा केली. म्हणायचे, या वहीदीसाहेब, कोणाचे तुम्ही?”

ते हसले. मला हसू आलं नाही. त्यांची ट्राम आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मार्लीसला खरं सांगितलं. ईमेल दाखवली, शेराही दाखवला.

“सांगितलंस ते बरं केलंस,” ती म्हणाली. “काल का नाही सांगितलंस?”

मी लॅपटॉप मिटायला लागले. ती म्हणाली, “ठीक आहे. वहीदशी तू बोल. आणि जुन्या फाइल्स तपास.” ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

नियम दोन दिवसांत बदलला. जुन्या फाइल्समध्ये आणखी चार कुटुंबं तुटलेली सापडली. त्यांचे अर्ज सुदैवाने अजून गेले नव्हते. नासिरसाठी साशाने नव्या तक्त्यासह हरकत दाखल केली. निकाल सात महिन्यांनी त्याच्या बाजूने लागला. पण तिसऱ्याच महिन्यात इस्लामाबादच्या त्या खोलीवर पोलीस आले होते. मायलेकींना ट्रकमध्ये घालून तोरखमला सरहद्दीपार सोडलं. मंजुरी हातात पडल्यावर पुन्हा बाहेर निघायचे कागद, पुन्हा व्हिसा. परवाना जवळपास वर्षभर जलालाबादला मामाच्या घरात बसून होती. आता ती इथे आहे. शाळेत भाषेच्या वर्गात बसते, बरोबरची सगळी मुलं तिच्याहून लहान.

आमच्याकडे आता नावांचा कुठलाही नियम वहीदसाहेबांच्या सहीशिवाय चालू होत नाही. माझी सही त्यांच्यानंतर. हे मीच सुचवलं, आणि त्याबद्दल वर्षअखेरीच्या मूल्यांकनात माझं कौतुक झालं, तेही मी ऐकून घेतलं.

मागच्या महिन्यात नासिरने वहीदसाहेबांच्या हाती वाळलेल्या तुतींचा डबा पाठवला. कंपनीने चूक तत्परतेने दुरुस्त केली म्हणून आभार. साशाने त्याला तसंच सांगितलं होतं, सॉफ्टवेअरची एरर होती म्हणून. डबा किचनमध्ये ठेवला, जातायेता सगळ्यांनी खाल्ला. मीही दोन तुती खाल्ल्या. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

धडा एवढाच. एरर कोणीतरी लिहिलेली असते, आणि तिच्याखाली नाव आपलं असेल तर ते आपणच जाऊन सांगायचं असतं. नासिरला मी अजून सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय, पण मराठीत. त्याला मराठी येत नाही.