मेन बंद केला तरी

माझा वायरिंगचा परवाना दुकानात फ्रेम करून लावलाय, पण तो वाचायचा तर स्टुलावर चढावं लागेल. महाडच्या बाजारात किमतीच्या वस्तू छताजवळच लावतात. पुरात सावित्री नदी दुकानात शिरते तेव्हा परवाना बघून परत फिरत नाही, म्हणून मीटर, मेन स्विच, देवाचा फोटो आणि परवाना, सगळं वर. नवे नियम समजावायला आम्हा परवानाधारकांना एका हॉलमध्ये बोलावलं, तेव्हा पडद्यावर पहिलंच चित्र आलं ते हात सहज पोचेल अशा उंचीवरच्या मेन स्विचचं. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेब, आमच्याकडे हात पोचतो तिथे पाणीपण पोचतं." साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढचं चित्र लावलं.

मी तीस वर्षं हे काम करतोय आणि एवढ्या काळात नियम किती वेळा बदलले ते मोजायचं मी सोडून दिलंय. नियम बदलला की फॉर्म बदलतो, फॉर्म बदलला की जुने फॉर्म रद्दी होतात, आणि रद्दी झालेले फॉर्म भरून नेले की खिडकीतला माणूस आपल्याकडे असा बघतो की जणू आपणच आदल्या दिवशी ते छापले. या वेळी चाचणी अहवालात रकाने वाढले होते. अर्थिंगचं माप, वायरच्या इन्सुलेशनचं माप, आणि घरगुती जोडणीलाही आरसीसीबी हवीच. ती मीटरच्या पुढे बसणारी एक डबी असते. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा ती हिशेब ठेवते. दोन्हींत थोडाही फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी भलतीकडून चालली आहे असं धरून ती क्षणात सगळं तोडते. माणूस वाचतो. वस्तू फार चांगली आहे, माझं तिच्याशी काही भांडण नाही.

भांडण आहे ते लोकांशी. पोलादपूरपासून शिवथरपर्यंत कुठल्याही घरात जा, मिक्सर आणला की पहिलं काम म्हणजे प्लगची तिसरी जाडी पिन करवतीने कापणं, कारण ती बोर्डात जात नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला सांगितलं तर मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी त्याच्यावर फरशी बसवतात, अंगण चांगलं दिसावं म्हणून. आणि ही डबी पडली, म्हणजे तिने वीज तोडली, की एकच वाक्य, "डायरेक्ट करून टाका ना." म्हणजे डबीला वळसा घालून वायर सरळ जोडा. मी म्हणतो, डबी पडते याचा अर्थ घरात काहीतरी चुकतंय. ते म्हणतात, डबी नव्हती तेव्हा काही चुकत नव्हतं. यावर काय बोलणार, कपाळ.

म्हणून मी ठरवलं, सुरुवात आपल्या माणसांपासून करू. माझी थोरली बहीण पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत राहते. मेहुणे गेले, मुलगा मुंबईला. ताई एकटी. मागच्या दारी विहिरीवर मोटर आहे आणि ती ओल्या हाताने बटण दाबते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या घरी मी स्वतः जाऊन डबी बसवली, बटण दाबून ती पडते ते दाखवलं आणि म्हटलं, आता तुझी काळजी नाही.

चौथ्या दिवशी फोन. "अरे, तुझी डबी रोज पडते."

"कधी पडते?"

"दिवेलागणीला. दिवसाची नाय पडत. त्याच्या पडवीत दिवा लागला, का माझं घर काळोखात."

'तो' म्हणजे ताईचा दीर. एकाच घराच्या मधोमध भिंत घालून दोन घरं केलेली, पलीकडच्या अर्ध्यात तो राहतो. दोघांचं बोलणं कधीचं बंद. त्यामुळे ताईच्या घरात उंदीर झाला तरी तो भिंतीपलीकडून पाठवलेला असतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "ताई, त्याचा मीटर वेगळा, तुझा मीटर वेगळा. त्याच्या दिव्याचा तुझ्या डबीशी काय संबंध?"

"ते मला कसं कळणार? परवाना तुझ्याकडं हाय."

मी तीनदा गेलो. महामार्गाचं काम चालू, धूळ खात स्कूटरने जायचं, अंधार पडायच्या आत परत यायचं. तीनही वेळा दुपारी सगळी वायरिंग तपासली. मापं इतकी स्वच्छ की फॉर्ममध्ये लिहावीत आणि साहेबांना दाखवावीत. डबी ठणठणीत. तिसऱ्या वेळी मी ताईवर चिडलोच. म्हटलं, मोटरचं बटण ओल्या हाताने दाबतेस आणि दिराच्या नावाने ओरडतेस. तिने चहा ठेवला, साखर नेहमीपेक्षा कमी.

चौथ्या वेळी गेलो तर डबी डायरेक्ट. शनिवार-रविवार भाचा येऊन गेला होता. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्याने दीड वीत वायर जोडली होती, वर टेप गुंडाळली होती, तीही कागदाची. मी तिथूनच त्याला फोन लावला.

"मामा, टेन्शन नको ना घेऊ. आई रोज काळोखात बसते, मला मुंबईत झोप नाही लागत. आता एकदम स्मूथ चालतंय."

"तुझ्या आईला करंट लागला तर मग लागेल का झोप?"

"पण मामा, तुला फॉल्ट सापडतच नाहीये ना."

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मी फोन ठेवला. तो तुकडा काढून खिशात टाकला आणि ताईला म्हटलं, आज मी राहतो. दिवेलागणीपर्यंत इथून हलत नाही.

दुपारभर मी पडवीत बसून राहिलो आणि समोर ताई वाल सोलत होती. तिचं डावं मनगट किंचित वाकडं आहे. वाल सोलताना ते जास्त दिसतं. ते कसं मोडलं ते मला माहीत होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला. तिने मी शिकवलं होतं तसं आधी मेन बंद केला, बॅटरी दातात धरली, स्टुलावर चढली आणि होल्डरला हात लावताच फेकली गेली. मेहुणे तेव्हा होते. तिचं म्हणणं एकच, मेन बंद केला तरी करंट चावला, म्हणजे दिरानेच काहीतरी करून ठेवलंय. दीर भडकला, वहिनी मला खुनी म्हणते म्हणून. प्रकरण भावकीत गेलं, देवळात सगळे बसले आणि निवाड्याला कोणाला बोलावलं, तर मला. परवानाधारक, शिवाय बाईचा सख्खा भाऊ. मी भर दुपारी टेस्टर घेऊन घरभर फिरलो, मेन बंद केला, सगळीकडे लावून दाखवला. टेस्टरचा दिवा कुठेच लागला नाही. मग देवळात येऊन सांगितलं की मेन बंद असताना वीज येऊच शकत नाही, ताई तोल जाऊन पडली असणार, घाबरून तिला तसं वाटलं. लोक म्हणाले, बघा, भाऊ असूनही खरं बोलला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. ताई मध्येच उठून घरी गेली होती.

दिवेलागण झाली. ताईने तुळशीपुढे दिवा लावला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. भिंतीपलीकडे बटणाचा आवाज आला. दिराच्या पडवीतला दिवा लागला, आणि त्याच क्षणी आमची डबी खाडकन पडली. आमचं घर काळोखात गेलं.

"बघ," ताई म्हणाली.

मी बघत होतो, पण दुसरंच काहीतरी. दिराच्या पडवीतला दिवाही विझला होता. त्याच्या आतल्या खोल्यांत उजेड होता, टीव्ही चालू होता. फक्त पडवीतला तो एक दिवा गेला होता. ताईची डबी पडल्यावर त्याचा दिवा का जावा?

पलीकडून तो कोणालातरी सांगत होता, "गेला परत. ही डबी बसवल्यापासून माझ्या पडवीत दिवा म्हणून टिकत नाय."

मी ताईचा मेनही बंद केला. सगळं तोडलेलं, दोन्ही वायरी मोकळ्या. मग स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या त्याच होल्डरमध्ये टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

मी स्टुलावरून उतरून तिथेच जमिनीवर बसलो. काय झालंय हे मला त्या क्षणी कळलं, कारण ते मीच केलं होतं. घराची वाटणी झाली तेव्हा दुसरा मीटर बसवायचं काम माझ्याकडेच होतं. भावांनी भांडी वाटली, फणस वाटले, देवघरातले टाकसुद्धा वाटले. मी वायरिंग वाटली. लांब पडवीच्या मधे भिंत आली आणि तिचा एक दिवा दिराकडे गेला. त्या दिव्याला वीज नेणारी वायर मी नव्या मीटरवरून दिली. परत आणणारी, म्हणजे न्यूट्रल, बदलायची तर माळ्यावर रचलेली लाकडं उपसावी लागणार होती. पाऊस तोंडावर होता, मला महाडला परत जायचं होतं. न्यूट्रल काय, इकडची काय नि तिकडची काय, असं म्हणून ती मी ताईकडचीच राहू दिली. चाचणी अहवालावर सही केली. त्या वेळच्या फॉर्ममध्ये यासाठी रकानाच नव्हता.

म्हणजे दिराच्या दिव्याची वीज जायची त्याच्या मीटरवरून आणि परतायची ताईच्या घरातून. आता डबीला हिशेब जुळत नव्हता म्हणून ती पडत होती, तिचं बरोबरच होतं. आणि ताईने मेन बंद केला की परतीची वाट तुटायची. मग दिराचं बटण चालू असेल तर त्याच्या बल्बातून आलेली वीज ताईच्या होल्डरपाशी येऊन थांबायची. फक्त संध्याकाळी. मी तपासायला जायचो दुपारी.

ताईवर चिडलो ते आठवलं, भाच्याला झाडलेलं आठवलं, पिना कापणारे, फरशा बसवणारे, सगळे आठवले. स्वतःचा आला तितका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

मी उठून भिंतीपलीकडे गेलो. दीर दारातच होता.

"भावोजी, तुमचा माळा उघडून द्यायला लागेल."

"का? तिकडून काय सांगून पाठवलंय?"

"तिकडून काही नाही. चूक माझी आहे." आणि मी त्याला सगळं सांगितलं, बटण, होल्डर, मनगट. तो शेवटी म्हणाला, "म्हणजे वैनी खरा बोलत होती?"

"हो."

"आणि मी काय करून ठेवला नव्हता, तेपण खरा?"

"तेही खरं."

त्याने बॅटरी आणली आणि स्वतः माळ्यावर चढला. लाकडं तोच बाजूला सारत होता. मी दोन्ही मीटर बंद करून माझा तो जुना जोड तोडला आणि त्याच्या दिव्याला त्याच्याच बोर्डावरून नवी न्यूट्रल दिली. काम अर्ध्या तासाचं होतं. मग त्याने पडवीतला दिवा लावला. दिवा राहिला, डबीही राहिली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना उजेड होता.

ताई सगळा वेळ अंगणात उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणालो, "ताई, चुकलं माझं."

ती मनगट चोळत म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होता. त्या दिवशी देवळात समद्यांसमोर बोललास ना, तिथं सांग."

मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, लोकांना आठवतही नसेल. ती म्हणाली, "मला येता-जाता येडी म्हणतात, त्यांना बरा आठवतो."

पुढच्या रविवारी गणपतीच्या वर्गणीसाठी भावकी देवळात बसली होती, तेव्हा मी गेलो. उभा राहून सांगितलं. वायर कुठली, जोड कोणाचा, सही कोणाची. एकजण म्हणाला, "मंग तवा कशी केलीस रे सही?" दुसऱ्याने विषय बदलायला बघितलं, तर दीर म्हणाला, "थांब. त्यांचा बोलून होऊ दे."

बायका डाव्या हाताला खांबापाशी बसल्या होत्या. त्या दिवशी ताई तिथूनच उठून गेली होती. या वेळी माझं बोलणं संपलं, वर्गणी ठरली, प्रसाद वाटला, लोक चपला शोधायला लागले, तरी ती तिथेच बसून होती.