एक्केचाळीस जणींचं नाव

तिचं नाव मला विचारू नका. सांगितलं तर तुम्ही हसाल, निदान ओठ तरी दाबाल, आणि असे दाबलेले ओठ बघण्यात तिची सत्तावन्न वर्षं गेली आहेत. एवढंच सांगते की नाव चार अक्षरी आहे, मधोमध एक जोडाक्षर ठाण मांडून बसलंय, आणि ते ऐकलं की काठी टेकत येणारी, कानाने अधू अशी म्हातारीच डोळ्यांसमोर उभी राहते. पाळण्यातल्या पोरीला कुणी हे नाव ठेवलं असेल, यावर विश्वासच बसत नाही.

शाळेत बाईंनी पहिल्या दिवशी हजेरी घेताना ते अर्ध्यावरच सोडून दिलं. पुढे दहा वर्षं ती अर्ध्या नावावर 'हजर' म्हणत राहिली. लग्न ठरवताना सासू म्हणाली, "अगं बाई, हे कुणाच्या पणजीचं उचलून आणलंत?" नवरा बिचारा भला माणूस. त्याने 'अगं'वर संसार केला आणि 'अगं' म्हणतच गेला. मुलीची ती आई. आणि ऑफिसात जन्मबाई, कारण जन्म-मृत्यू नोंदणीच्या ऑफिसात जन्माची रजिस्टरं तिच्याकडे असतात. शेजारच्या टेबलावर मृत्यूबाई बसतात. दोघी एकाच डब्यातून जेवतात. नवीन माणसाला दचकायला होतं, जुन्यांना काही वाटत नाही.

पूर्ण नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता, तिचे वडील. ते चष्म्याच्या काचा घासायचे. घासून घासून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की पातळ कागद उचलता यायचा नाही. पण संध्याकाळी कामावरून आले की दारात उभे राहून, आणि तिच्या लग्नानंतर तिच्या घराच्या दारात, चारही अक्षरं खणखणीत म्हणायचे. ती समोर, हाताच्या अंतरावर बसलेली असली तरी.

"अहो बाबा, मी इथेच आहे ना."

"असशील. हाक मारायची असते."

आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. नाव कुठून आलं हे विचारलं की वडील आत्याची गोष्ट सांगायचे. वडिलांची आत्या, अंगापिंडाने आडदांड, कुणाच्या बापाला न भिणारी, भरल्या नदीत उडी टाकून पलीकडे जाणारी. तिचंच हे नाव. गोष्ट दरवेळी थोडी वाढायची. एकदा आत्याने चोर पकडला, एकदा सरकारी साहेबाला दारातून परत पाठवला. पोरगी शाळेतून रडत आली की वडील म्हणायचे, "आत्या रडली असती का?" मग ती नाक पुसायची. बाळंतपणात, नवऱ्याच्या आजारपणात, ऑफिसच्या चौकशीतसुद्धा तिने मनातल्या मनात त्या आत्याचाच हात धरला होता. नाव जड होतं, पण त्याच्यामागे एक बाई उभी होती, आणि तेवढ्यावर तिने निभावून नेलं.

आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, झोपेत गेले, कुणी हळहळावं असं काही नव्हतं. मृत्यूबाईंनी नोंद स्वतःच्या हाताने केली. "रडून घे गं एकदा," त्या म्हणाल्या. ही म्हणाली, "हो, बघते." पण रडू काही आलं नाही. दुःख झालं नाही असं नव्हे, काहीच झालं नाही. पायावर पाय टाकून बसल्यावर पाय झोपतो ना, तशी ती सगळीच्या सगळी झोपली होती. भाजी चिरायची, बस पकडायची, शिक्के मारायची. बोट कापलं तरी रक्त दिसल्यावर कळायचं.

त्यातच मुलगी बाळंत झाली, तिलाही मुलगीच झाली. दोन महिन्यांच्या नातीला ही मांडीवर घ्यायची, तेल लावायची, अगदी व्यवस्थित, बाळंतपणं करणारी बाई करते तसं. "ती झोपली का? तिला भूक लागलीय वाटतं."

"आई, 'ती' काय गं? शेजाऱ्यांची आहे का?" मुलगी वैतागायची.

मग एका सोमवारी मुलीने विषय काढला. जावयाची बदली झाली होती, रविवारी बिऱ्हाड हलणार होतं, त्याआधी बाळाच्या नावाची नोंद व्हायला हवी होती. शनिवारपर्यंत.

"मला तुझं नाव ठेवायचंय," मुलगी म्हणाली. "हसू नकोस. जुनी नावं आता परत आलीत. माझ्या मैत्रिणींच्या मुलांची नावं ऐकलीस तर तुला वाटेल, वृद्धाश्रमाची यादी वाचतायत. आणि आत्याची गोष्टही आहे."

"ठेव काय ठेवायचं ते."

"हे असलं चालणार नाही. बाबा गेले तेव्हापण तू असंच म्हणालीस, आजोबांच्या वेळीपण असंच. या वेळी तुझ्या तोंडून नीट 'हो' हवं. नाही तर मी ते नाव ठेवणार नाही, आणि मग ते तुझ्याबरोबर संपेल. शनिवारपर्यंत सांग."

जन्मबाईने मान हलवली. हो म्हणायला काय लागतं, एक अक्षर. पण ते कुठून काढायचं, हेच तिला सापडेना.

आता योगायोग म्हणा. त्याच आठवड्यात ऑफिसात जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम सुरू होतं. तीस वर्षं गोदामात कुलूपबंद पडलेले गठ्ठे वर आले होते, आणि प्रत्येक पान तपासायचं काम जन्मबाईकडे. मंगळवारी दुपारी एका पानावर तिला स्वतःचं नाव दिसलं. दुसऱ्याच कुणाचं, दुसऱ्याच वर्षातलं. तिने चष्मा पुसला. चार पानांनंतर पुन्हा, मग पुन्हा.

तिने कॉम्प्युटरला विचारलं आणि कागदावर रेघा ओढत गेली. त्या पानांच्या आधीच्या साठ वर्षांत हे नाव एकाही मुलीचं नाही. नंतरच्या वर्षांत एकाही मुलीचं नाही. मधल्या नऊ वर्षांत एक्केचाळीस! जे नाव जन्मात दुसऱ्या कुणाचं ऐकलं नव्हतं, ते या गावात नऊ वर्षं जोरात चाललं होतं म्हणायचं. पण मग या सगळ्याजणी गेल्या कुठे? शाळेत कशी एकही भेटली नाही?

उत्तर शेऱ्याच्या रकान्यात होतं. 'नाव बदलले.' 'नाव बदलले.' लाल शाईने अडतीस वेळा. दोघींच्या पुढे फुली होती. ती मृत्यूबाईंकडे गेली. त्यांनी वही उलटी केली, चष्म्यावरून बघितलं. "तुझ्यातल्या दोघी माझ्याकडे आहेत गं. एक आठ महिन्यांची, एक चार वर्षांची."

एक्केचाळिसातून चाळीस गेल्या. उरलेली एक म्हणजे ती स्वतः, आणि तिच्या नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता.

आणखी एक गोष्ट. त्या एक्केचाळीस नोंदींत जन्माची तारीख निळ्या शाईत होती आणि नाव काळ्या. समासात बारीक टिंब. या टिंबाचा अर्थ ऑफिसातल्या कुणालाही सांगावा लागत नाही. नाव आईबापांनी दिलेलं नाही, ते मागाहून बाबूने भरलंय. तिने आपल्या नोंदीवरून अंगठा फिरवला, धूळ असेल म्हणून. टिंब जागचं हललं नाही.

त्या नऊ वर्षांतलं काळं अक्षर तिच्या ओळखीचं होतं. मोठे बाबू, ती नोकरीला लागली तेव्हाचे हेडक्लार्क, तीन-चार वर्षांतच निवृत्त झालेले. आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, तिसऱ्या मजल्यावर सुनेच्या हाताखाली. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ती त्यांच्याकडे गेली. खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"ये, जन्मबाई. टिंबांचं विचारायला आलीस ना?" तिने तोंड उघडायच्या आत म्हणाले. "गोदाम उघडल्याचं कळलं मला. तेहतीस वर्षं वाट बघतोय, कधी विचारतेस."

सुनेने चहा आणून ठेवला. बाबू बोलत राहिले. "वर्ष संपलं की रजिस्टरवर साहेबांची सही व्हायची. एकही रकाना रिकामा दिसला तर साहेब सही करायचे नाहीत. लोक 'नाव मागून कळवतो' म्हणून जायचे ते जायचेच. माझ्या आधीचा बाबू मनाने नावं भरायचा. एका मुलीला त्याने स्वतःच्या मेव्हणीचं नाव भरलं, केवढा तमाशा झाला! मी ठरवलं, आपल्या मनाचं एक अक्षर घालायचं नाही. भिंतीवर छापील नमुना होता, अर्ज कसा भरावा त्याचा. माझ्याही जन्माआधीचा. त्यात मुलीचं म्हणून एक नाव छापलेलं होतं. तेच भरायचो."

"नमुन्यातलं?"

"नमुन्यातलं. नवा नमुना आला तेव्हा बंद झालं."

"आणि मुलगे?"

"मुलांचे बाप आठवणीने यायचे गं," बाबू म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

म्हणजे आत्या नव्हतीच. नदी नव्हती, चोर नव्हता. भिंतीवरचा एक कागद होता. जन्मबाईने स्वतःला चाचपून बघितलं, काही दुखतंय का. काही नाही. चहावर साय धरली होती, ती तिने चमच्याने बाजूला केली.

"बाबा आले होते का कधी?"

"आले तर! म्हणून तर सांगतोय. तू दीड वर्षाची, त्यांच्या खांद्यावर झोपलेली. पाळणाघरात ठेवायचं म्हणून दाखला न्यायला आले. नाव वाचलं आणि बघतच राहिले. मी सवयीने दुरुस्तीचा अर्ज पुढे केला. सगळे त्यावर तावातावाने लिहायचे आणि मला चार शिव्या घालून जायचे. हा माणूस अर्ज घेऊन बाकावर बसला. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तरी अर्ज कोराच. मी जवळ गेलो. तर म्हणाले, 'बायको गेली त्या दिवसापासून मी हिला एकदाही हाक मारलेली नाही. शेजारीण म्हणायची, ती रडतेय. मी म्हणायचो, तिला दूध द्या. दीड वर्ष नुसतं ती आणि तिला. मला काही वाटतच नव्हतं हो. पहिली हाक तुम्ही मारलीत. आता मी ती कुठल्या तोंडाने खोडू?' आणि अर्ज परत दिला."

जन्मबाईने चमचा बशीत ठेवला.

"जाताना विचारलं, हे नाव कुणाचं म्हणून सांगू हिला? मी म्हटलं, आत्याचं सांगा, आत्या कोण तपासायला येतंय. तू नोकरीला आलीस, अर्जावर नाव वाचलं आणि माझं धाबंच दणाणलं. मला काही ते तोंडाने घेता येईना. म्हणून तुला जन्मबाई म्हणायला लागलो, ते सगळ्यांनी उचललं. रागावलीस का?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर बसली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. 'ती झोपली का? तिला भूक लागलीय वाटतं.' स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला. दोन महिने झाले. बाबांनी दीड वर्ष काढलं होतं आणि मग उरलेली पंचावन्न वर्षं दारात उभं राहून फेडलं होतं. हाक मारायची असते म्हणे. तिला वडिलांचा भयंकर राग आला, आणि राग आलाय हे कळल्यावर तिलाच नवल वाटलं. आठ महिन्यांत आलेली ती पहिली गोष्ट होती.

ती घरी गेलीच नाही, थेट मुलीकडे गेली. घरभर खोकी होती. मुलगी भांडी कागदात गुंडाळत होती, बाळ गादीवर पाय झाडत पडलं होतं.

"ते आत्याचं नाव नाहीये," तिने उभ्या उभ्या सांगितलं. "भिंतीवरच्या नमुन्यातलं आहे." आणि चप्पल न काढता सगळं सांगून टाकलं, टिंब, शाई, कोरा अर्ज, सगळं.

मुलगी आधी फिसकन हसली. मग शेवटाकडे हसायची थांबली. हातातली वाटी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे नको ठेवायला? दुसरं बघू?"

जन्मबाई गादीपाशी वाकली. ते नाव तिने आयुष्यात कधी कुणाला उद्देशून उच्चारलं नव्हतं; फक्त अर्जावर लिहिलं होतं आणि विचारलं की खाली मान घालून सांगितलं होतं. तोंडात ते परकं लागलं. जोडाक्षरावर आवाज अडकला, तिने तो रेटला आणि चारही अक्षरं पूर्ण म्हटली.

बाळाने पाय झाडायचे थांबवले, क्षणभर छताकडे बघितलं आणि पुन्हा झाडायला सुरुवात केली.

"अगं, ती समोरच आहे की," मुलगी म्हणाली. "ओरडतेस काय?"

"असू दे." जन्मबाईचे डोळे कोरडेच होते. "हो. नीट हो म्हणतेय, ऐकलंस ना? उद्या अर्ज भरून आण. मोठी झाल्यावर तिला नको वाटलं तर दुरुस्तीचा अर्ज मिळतो, मी स्वतः तिच्या हातात देईन. तोवर रोज संध्याकाळी मला फोन करायचा आणि तिच्या कानाला लावायचा."