दाराआडून वाचलेला 'सत्यडंका'

कापूस वेचून बाया घरी आल्या की पदराला, केसांना पाचोळ्याचे तुकडे चिकटलेलेच असतात. कोणी ते मुद्दाम आणत नाही. आमच्या घरी निवडणुकीचे किस्से असेच जमले. निवडणूक होऊन वर्ष झालं, तरी झटकायला घेतलं की एखादा निघतोच. मी सातवी पास. मला पत्राच्या वरचा 'श्री' आणि खालचं 'कळावे' एवढंच नीट येतं, त्यामुळे मधलं जरा सांभाळून घ्या.

घर आमचं बीबी गावात. मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या शब्दाला गावात मान, आणि आवाजाला त्याहून जास्त. आत्याबाई माझ्या सासूबाई. सखाराम शिंपी समोर राहायचा. त्याचं शिवणयंत्र त्याच्या ओसरीत आणि तो आमच्या ओट्यावर. हे खामगावला जिनिंगात कारकून, त्यामुळे कापसाच्या हंगामात घरी नाहीत. आणि माझा तेव्हा सात महिन्यांचा बाळू.

नागपूरच्या कौन्सिलात मेंबर पाठवायचा होता. आमच्या घराचा उमेदवार देशमुख. समोर उभे वकील. आणि दर गुरुवारी टपालानं येणारा 'सत्यडंका' पेपर वकिलांच्या बाजूचा, अगदी उघड उघड. वकील शिंकले तरी पहिल्या पानावर!

एकदा सखारामनं विचारलं, की नाना, एवढा राग येते तर आपल्या बाजूचा पेपर काऊन नाई मागवत?

मामाजी म्हणाले, "त्यात काय वाचू? थे तर मले माहीतच हाय."

*

मामाजींचा जन्म मोडी लिपी लिहिण्यात गेलेला. छापील बाळबोध अक्षर त्यांना डोळ्यांत खुपतं, असं ते म्हणत. मग वाचायचं कोणी? सुनेनं. पण सुनेनं ओट्यावर यायचं नाही. मग मी दाराच्या आड, एका हातात पेपर, दुसऱ्या हातात पाळण्याची दोरी, आणि बाहेर ओट्यावर मामाजी आणि सखाराम.

पहिल्याच गुरुवारी बातमी होती, की लोणारच्या सभेत देशमुखांनी दोनदा जांभई दिली.

मामाजी त्या सभेत पुढच्या सतरंजीवर होते. ते असे कडाडले की वळचणीतली पाखरं उडाली आणि पाळण्यातला बाळू दचकून रडायला लागला. रडता रडता त्याचा श्वासच अडकला. ओठ निळे. माझ्या हातून पेपर पडला. आत्याबाईंनी तोंडावर फुंकर मारली, पाणी शिंपडलं, पालथा घेऊन पाठ चोळली, तेव्हा कुठे त्यानं श्वास घेतला.

वैद्यबुवा म्हणाले, काही मुलं धरतात असा श्वास, दचकू देऊ नका, मोठा झाला की जाईल. वैद्यबुवांना सांगायला काय जातं! त्यांच्या घरी ओटा नव्हता.

*

पुढच्या गुरुवारी पेपर उघडला तर 'देशमुखांसारखा अडाणी जमीनदार नागपूरला जाऊन काय दिवे लावणार?' असं ठळक अक्षरात. बाळू नुकताच निजलेला. मी पाळण्याकडे पाहिलं आणि वाचलं, "देशमुखांसारखा साधा माणूस नागपूरला जाणार."

बाहेरून मामाजी म्हणाले, "आता आला ठिकाणावर!"

दोरी हलवत मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. मग मात्र सवयच लागली. वाईट असेल ते गाळायचं, मधलं सांधून घ्यायचं. शिवणीच्या कामापेक्षा अवघड नव्हतं.

शिवणीवाल्यालाच ते कळलं. सखाराम दाराच्या फटीतून पान पाहून म्हणाला, "वयनी, पान तं भरलेलं दिसते. बातमी एवढीशी काऊन?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, की बाकी जाहिरात आहे, केसांच्या तेलाची.

"वाच ना मंग," मामाजी म्हणाले.

आता आली का पंचाईत! मी आपली बसल्या जागी तेल तयार करत गेले. माका, ब्राह्मी, जास्वंद. टकलावर पंधरा दिवसांत केस. मेहकरच्या बाजारात मिळेल. सखारामच्या डोक्यावर केस म्हणाल तर कानांच्या वर दोन झालरी. मामाजींनी त्याला दुसऱ्याच दिवशी सर्विस मोटारीत बसवून मेहकरला पाठवलं. बिचारा सगळी दुकानं फिरला. काही दुकानदार म्हणाले, असं तेल ऐकलं नाही. एक जण त्याच्या डोक्याकडे पाहून नुसता हसला.

सखाराम परत आला तेव्हा मामाजी फार गंभीर झाले. "पाय," ते म्हणाले, "या पेपरात जाहिरात बी खोटी!"

*

मग फोटो आला. वकिलांचा असा स्वच्छ की कोटाची बटणं मोजावीत. देशमुखांच्या फोटोवर शाई सांडल्यासारखी; पागोटं तेवढं दिसत होतं, खालचा माणूस काळोखात. फोटो काही मला गाळता येईना. मामाजींनी तो दारातून मागून घेतला आणि बघता बघता छाती फुगवायला लागले. मी बाळूचे कान झाकले.

पण आत्याबाई पुढे झाल्या. म्हणाल्या, "ओरडता कायले? द्या इकडं, पुसून देतो." ओल्या फडक्यानं त्यांनी देशमुखांचं तोंड असं मनापासून पुसलं, की फडकं नाकातून आरपार गेलं.

मामाजी ओरडायचंच विसरले. त्या भोकातून आत्याबाईंकडे पाहत म्हणाले, "तुहं वोट बी वकिलालेच दिसते."

*

एकदा मात्र मी स्वतःच्याच हातानं अडकले. मामाजींनी एडिटरला पत्र सांगायला घेतलं. ते सांगत आणि मी दाराआड बसून लिहीत. पहिली ओळ एडिटरच्या बापावर होती, दुसरी त्याच्या गाढवावर. एडिटरला गाढव असेल की नाही, मला शंका. मी ते सगळं 'आपल्या लिखाणाने आम्हांस खेद होतो' असं आवरतं घेतलं, आणि शाळेत शिकवलेलं म्हणून वर एक ओळ घातली, 'आपला पेपर आमचे घरी नेमाने व आवडीने वाचला जातो.'

एडिटरनं फक्त तेवढीच ओळ छापली. चौकटीत. खाली मामाजींचं नाव, मुक्काम बीबी.

घरी वाचताना मी ती गाळली. पण बाजारच्या दिवशी वकिलांच्या माणसानं मामाजींना चारचौघांत गाठलं आणि दोन्ही हातांनी नमस्कार घातला, की नाना, शेवटी खरं ओळखलं तुम्ही. मामाजी घरी आले ते थेट दारापाशी.

"सूनबाई, पत्रात काय लिवलं होतं?"

बाळू माझ्या खांद्यावर पेंगत होता. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं, थोडं शुद्ध करून.

त्यांनी खांद्यावरच्या त्या डोक्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन सखारामवर ओरडले. तेही त्याच्या ओसरीत जाऊन.

*

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. अख्ख्या जिल्ह्यात 'सत्यडंका' ऐकून खूश होणारे देशमुखांचे लोक फक्त आमच्या ओट्यावर होते! माझ्या वाचण्यात देशमुख दर गुरुवारी पुढे पुढे जात होते. सखारामला तर एवढी खात्री, की त्यानं मिरवणुकीसाठी रेशमी झालर लावून निशाण शिवून ठेवलं.

निकालाचा गुरुवार आला. त्या आठवड्यात बाळूचे दात येत होते. दोन रात्री अंग तापलेलं, आणि त्या सकाळी कुठे डोळा लागलेला. सखाराम निशाण काखेत मारून ओट्यावर हजर. मी पेपर उघडला. वकील निवडून आले होते, आणि थोड्याथोडक्या मतांनी नाही.

गाळणार काय? पान सगळं तेच. तेल सांगावं तर शनिवारच्या बाजारात सगळं गाव सांगणार. मी पाळणा दाराच्या जेवढा आत नेता येईल तेवढा नेला, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, आणि जसं होतं तसं, अक्षर न अक्षर वाचलं. शेवटचं वाक्य झालं आणि डोळे मिटून तांब्याला हात घातला.

काहीच झालं नाही.

मी फटीतून पाहिलं. सखारामनं बोंब मारायला तोंड उघडलं होतं आणि त्या तोंडावर मामाजींचा पंजा होता.

"हळू बे," मामाजी म्हणाले. "पोट्टं निजलं हाय."

मग नेहमीसारखा त्यांनी दारातून हात आत केला, पेपर घेतला, आणि आपल्या पेटीत ठेवायला गेले. निशाणाचं पुढे बाळूचं झबलं झालं. झालर तशीच ठेवली.

*

शिमग्याला हे घरी आले. फडताळात अंथरायला जुने पेपर हवेत म्हणून यांनी मामाजींच्या पेटीतून गठ्ठा काढला. पाहते तर जवळजवळ प्रत्येक पानाच्या कडेला शिसपेनीनं मोडीत काहीतरी खरडलेलं. मोडीची मला शाळेपुरती ओळख. मामाजींचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मी म्हटलं, काय असेल हो? हे वाचायला लागले आणि वाचता वाचता माझ्याकडे पाहायला लागले.

जांभईच्या बातमीपाशी काही नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून सुरुवात. 'अडाणी'पाशी लिहिलं होतं, 'सूनबाईनं साधा केला.' खाली, 'हे गाळलं.' त्याखाली, 'हे बी.' पानभर सगळीकडं 'हे बी, हे बी.' चौकटीतल्या पत्रापाशी, 'हे मी सांगितलं नव्हतं.' एका कोपऱ्यात, जिथं वकिलांच्या भाषणाशिवाय काहीच नव्हतं, तिथं मोठ्या अक्षरात, 'तेल.'

निकालाच्या पानावर एकच शब्द. 'बरोबर.'

हे म्हणाले, बाबांना छापील येतं? बोट ठेवून वाचत असतील तर कधी? मला काय माहीत? मी गठ्ठा होता तसा बांधून परत पेटीत ठेवायला लावला आणि फडताळात नुसती माती सारवली.

त्यानंतरच्या गुरुवारी पेपर आला. मी दाराआड बसले. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात पाळण्याची दोरी. पहिल्याच पानावर देशमुखांना पुन्हा चार शिव्या होत्या. मी आवाज चढू न देता सगळ्या वाचल्या. एकही सोडली नाही. बाळू निजलेला. ओट्यावर सखारामनं डोक्यावरून हात फिरवल्याचंसुद्धा ऐकू आलं.

मग मामाजी खाकरले.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "आज तेलाची जाहिरात नाई का?"