फुकटची तलवार

माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर लेकीने आज चालू केला आणि तापलेल्या धुळीच्या वासासरशी मालाडच्या घरातले बाबा समोर आले. त्यावरच्या एका गेममध्ये आम्ही भावंडं वेशीबाहेरच्या लांडग्याकडून रोज मरायचो, तरी खेळ सोडवत नव्हता. एकदा बाबाच खेळायला बसले. गेममधल्या म्हाताऱ्याने लगेच तलवार पुढे केली.

"फुकट का देतोय रे हा?"

"बाबा, घ्या ना, सगळे घेतात!"

पण मुलीला स्थळ आल्यासारखी त्यांनी त्या गावात घरोघर चौकशी केली. शेवटी कळलं, तलवारीला शाप होता. म्हणूनच आम्ही मरत होतो.

पुढे मला खरंखुरं स्थळ आलं. "काहीच मागत नाहीत, देवमाणसं आहेत," म्हणत बाबांनी कुठेच विचारलं नाही.

आता आम्ही मायलेकी दोघीच राहतो. लेक तोच गेम उघडून तलवार घ्यायला निघते.

"थांब," मी म्हणते, "आधी शेजारी विचार."