हवाबंद काच

घड्याळाची काच आणि तिची चौकट यांच्यामधून हवा आत जाता कामा नये, हे तत्त्व आमच्या शेजारच्या घड्याळजींनी आयुष्यभर पाळले. त्यांनी बसवलेली काच काढायला पुन्हा तेच लागत. हेच तत्त्व त्यांनी स्वतःच्या डोळ्यालाही लावले.

ऐन तिशीत त्यांच्या बुबुळांवरचा पारदर्शक पडदा, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ लागला. चष्म्याने भागेना. डावा डोळा लवकरच कामातून गेला. उजव्यासाठी एक मोठी, कडक लेन्स मिळाली. तिची कड डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि पडदा व लेन्स यांच्यामध्ये सलाईनचे पाणी राहते. रोज सकाळी घड्याळजी टेबलावर आडव्या ठेवलेल्या आरशावर ओणवे होत आणि पाण्याने काठोकाठ भरलेली ती इवलीशी वाटी डोळ्यावर चढवत. आत बुडबुडा राहिला, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी घरात कोणी दार आपटायचे नाही, असा नियम होता.

"शिंकसुद्धा यांना विचारून द्यावी लागते," असे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत.

दुपारी मात्र आतले पाणी गढूळ होई आणि सारे धुक्यातून दिसू लागे. लेन्स करून देणाऱ्या बाईंचे म्हणणे साधे होते : काढा, धुवा, नवे पाणी भरून घाला. घड्याळजींना हा उपायच वाटेना.

"गढूळ होतं, म्हणजे कडेतून काहीतरी आत शिरतंय. कड आवळा."

"काका, हा डोळा आहे, घड्याळ नाही."

"म्हणूनच सांगतोय. घड्याळाला दुसरी काच मिळते."

बाईंनी बरेच दिवस दाद दिली नाही. अखेर, नियमित तपासणीस येण्याच्या अटीवर, त्यांनी कड किंचित आवळून दिली. घड्याळजी समाधानाने घरी आले आणि तपासणीस कधीही गेले नाहीत. चालू घड्याळ दुकानात कोण आणतो, हा त्यांचा सवाल होता.

सकाळी चढवलेली लेन्स आता झोपण्याच्या वेळीच उतरे. उतरवल्यावर पांढऱ्या भागावर तिच्या कडेचा गोल वळ दिसे आणि डोळा लालबुंद होई.

"वळ उठला, म्हणजे बसली बरोबर," घड्याळजी म्हणत.

"मग माझी अंगठी बोटातून निघेना, तेव्हा सोनाराच्या नावानं का ओरडलात?"

यावर ते लेन्स डबीत ठेवून झाकण घट्ट आवळत. दुखत नव्हते, टोचत नव्हते. अशी बरीच वर्षे गेली.

पुढे दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली. नंतर एका नाजूक घड्याळातली केसाएवढी कमान, म्हणजे स्प्रिंग, चिमट्यात धरताना तुटली. लेन्स घासली गेली असावी, असा निष्कर्ष काढून घड्याळजी नवी मागायला गेले. या खेपेस बाईंनी त्यांना आधी डॉक्टरांपुढे बसवले. डॉक्टर म्हणजे घड्याळजींच्या धाकट्या मुलीच्या वयाची मुलगी होती.

"काका, दुखत नव्हतं?"

"कधीच नाही."

"तीच पंचाईत झाली. वर्षानुवर्षं कोंडल्यामुळे पडद्याची जाणीवच बोथट झालीय."

मग तिने सर्व नीट समजावले. तो पडदा हवेतून आणि अश्रूंतून प्राणवायू घेतो. लेन्स इतकी घट्ट, की दोन्ही वाटा बंद. श्वास कोंडल्यावर कडेकडून रक्तवाहिन्या आत सरकू लागल्या. आतल्या थरातल्या पेशी कमी झाल्या. त्या पुन्हा होत नाहीत.

"वाहिन्या मधोमध पोचल्या, तर नजर गेलीच समजा. मग दुसऱ्याचा पडदा बसवायचा, आणि अशा डोळ्यात तो टिकेलच असं नाही. आजपासून लेन्स बंद. तीन महिन्यांनी बघू."

तीन महिने दुकान वहिनींनी उघडले. त्या फक्त सेल बदलून देत. घड्याळजी मागे स्टुलावर बसून, काहीही न दिसता, सूचना देत.

"उलटा घातलास तो."

"सेल सुलटा आहे. तुम्हीच भिंतीकडे तोंड करून बसलायत."

रात्री मात्र वहिनी गल्ला दोनदा मोजत. घड्याळजींना दुसरे काम येत नव्हते.

तपासणीत वाहिन्या जागेवरच आढळल्या, पण त्यांतले रक्त आटले होते, म्हणजे तूर्त धोका टळला होता. गेलेल्या पेशी गेल्याच होत्या. नव्या लेन्सला परवानगी मिळाली : हवा खेळवणारी, सैल कडेची, सकाळपुरती, दुपारी ती उतरवायची आणि डोळा उघडा ठेवायचा. बाईंनी ती चढवली.

"कसं वाटतंय?"

"कडेखालून पाणी सरकतंय."

"सरकायलाच हवं."

"ढिली आहे."

बाईंनी अक्षरांच्या तक्त्यावरचा दिवा लावला. घड्याळजींनी बराच वेळ समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचली. शेवटची ओळ त्यांना वाचता आली नाही.

"राहू द्या अशीच," ते म्हणाले. तुमचे घड्याळ आता दुरुस्त होणार नाही, हे गिऱ्हाइकाला सांगताना त्यांचा आवाज असाच लागे.

नाजूक घड्याळे ते आता घेत नाहीत. मोठ्या घड्याळांचे काम सकाळी होते. दुपारी कोणी आले, की वहिनी त्याला परत पाठवतात.

"हे काय, समोरच तर बसलेत!" एकदा एक गिऱ्हाईक म्हणाले.

"ते बसलेत. डोळा डबीत आहे. उद्या सकाळी या."

"बसा हो थोडं," मागून घड्याळजी म्हणाले. "काम उद्याच होईल. गप्पा मारायला डोळा लागत नाही."