लोखंडी स्क्रूड्रायव्हर

हॉलिस स्टिडम गिटारी दुरुस्त करतो हे नॅशव्हिल शहराजवळच्या मॅडिसनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो, ही त्याची खरी ख्याती. "याची तुला काही गरज नाही, घरी जा," असं तोंडावर सांगणारा दुकानदार अख्ख्या नॅशव्हिलच्या आसपास दुसरा नव्हता. हेही तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. प्रामाणिकपणाचासुद्धा माणसाला माज चढतो, आणि एकतीस वर्षं एकाच बाकड्यावर बसून हॉलिसला तो चांगलाच चढला होता.

सगळ्यात जास्त चढायचा तो पिकअपवरून. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बोटभर लांबीचा एक तुकडा बसवलेला असतो, तो पिकअप. आत लोहचुंबक आणि भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की हा ती थरथर पकडून अँप्लिफायरकडे धाडतो. कारखान्यात बनलेला पंचवीस डॉलरला मिळतो. ओडेसा क्रॅबट्री या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी घरी बसून हाताने गुंडाळलेला दोनशे ऐंशीला, तोही नऊ महिने रांगेत थांबल्यावर.

"तांबं ते तांबं आणि चुंबक ते चुंबक," हॉलिस म्हणायचा. "वरचे अडीचशे तुम्ही स्वतःच्याच कानांना लाच देता."

डेल्बर्ट पर्डीने हे दहा वेळा ऐकलं होतं. डेल्बर्ट टपाल वाटायचा, रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा आणि शाळेपासून हॉलिसचा दोस्त होता. तरीही मार्चमधल्या एका सकाळी तो छोटंसं खोकं छातीशी धरून दुकानात आला.

"काही बोलू नकोस," तो दारातूनच म्हणाला. "बोललास तर दुसऱ्याकडे नेईन."

"मी कुठं काय बोललो? नऊ महिने थांबलास ना? तेवढ्यात तुझ्या बायकोने मूल दिलं असतं, तेही फुकट."

"साठाव्या वर्षी? बसव गपचूप."

डेल्बर्ट टपाल वाटायला गेला. हॉलिसने खोकं उघडलं. पिकअपच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने ओडेसाबाईंच्या नावाची आद्याक्षरं लिहिलेली होती. त्याच वेळी दुकानात दुसरं एक गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून हॉलिसच्या जिभेला चेव आला. बघा, या एवढ्याशा वस्तूला दोनशे ऐंशी, असं त्याला दाखवत, हसत, बोलता बोलता त्याने न बघताच हत्यार उचललं. पिकअपपाशी पितळी स्क्रूड्रायव्हरच वापरायचा, हे तो नवशिक्यांना ओरडून सांगायचा. हातात आला तो लोखंडी. चुंबकाने त्याचं टोक खस्सकन ओढून घेतलं, आणि ते वेढ्यांत घुसलं.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. आतली तार तुटली होती, पिकअप मेला होता.

उपाय साधा होता. फोन उचलायचा, डेल्बर्टला सांगायचं, ओडेसाबाईंना सांगायचं, त्यांनी पुन्हा गुंडाळून दिला असता. या धंद्यात असं घडतं. पण लोक काय म्हणतील? इतकी वर्षं नावं ठेवली आणि हातात आल्यावर मुद्दाम मोडला. आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर? हॉलिसने? त्याचा हात फोनपर्यंत गेला आणि परत आला. शेवटी त्याने गिटारीतला जुनाच पिकअप राहू दिला. वरून दोन्ही सारखेच दिसतात. काढलेला सुटा भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायची रीत असते, म्हणून भंगाराच्या खणातला एक तसाच दिसणारा तुकडा त्याने पिशवीत टाकला. मेलेला पिकअप कॉफीच्या डब्यात दडवला.

संध्याकाळी डेल्बर्टने गिटार अँप्लिफायरला जोडली आणि एकच सूर छेडला. मग दुसरा. त्याचे डोळे भरून आले.

"ऐकलंस? अरे, ऐकलंस का हॉलिस? जणू आतून कुणीतरी बोळा काढला."

आणि हॉलिसला आनंद झाला. ते त्याला पुढे कधीच विसरता आलं नाही. आपण लबाडी केली, दोस्ताला फसवलं, याच्याआधी त्याच्या मनात आलं ते हे की बघा, मीच खरा निघालो. लाज मागून आली, डेल्बर्टने त्याचे दोन्ही हात धरून आभार मानले तेव्हा. मग मात्र ती गेलीच नाही.

डेल्बर्टने घरोघर टपालाबरोबर पिकअपची कीर्तीही वाटली. इतकंच नाही, त्याने ओडेसाबाईंना पत्र लिहिलं, आणि एप्रिलच्या एका रविवारी त्या खरोखर चर्चमध्ये आल्या. निळा झगा, हातात काठी. मागच्या बाकावर बसून त्यांनी सगळी प्रार्थना आणि डेल्बर्टची गिटार डोळे मिटून ऐकली. हॉलिस दोन बाकं पुढे होता. त्याची मान अवघडली, पण मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

नंतर शेजारच्या सभागृहात जेवण होतं. घराघरांतून आणलेलं तळलेलं चिकन, मक्याचा ब्रेड, बनाना पुडिंग. डेल्बर्टने ओडेसाबाईंना मानाने मधल्या टेबलाशी बसवलं आणि हॉलिसलाही ओढून आणलं.

"हा तो, मिस ओडेसा. तुम्हाला शिव्या घालणारा. पण बसवला यानेच!"

"बाळा, छान वाजवलंस तू," ओडेसाबाई डेल्बर्टला म्हणाल्या. मग त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि त्याकडे बघत राहिल्या. "आले ते बरंच झालं. हिवाळ्यापासून ही दोन बोटं बधिर होतात. तार किती ताणायची ते या बोटांनाच कळतं, दुसरं कशाला नाही. तुझा गुंडाळताना मला शंका होती. म्हणून म्हटलं, स्वतः जाऊन ऐकावं."

"आणि?" डेल्बर्टने उत्साहाने विचारलं.

"साधा वाजतो रे. कारखान्यातल्यासारखा. वाईट नाही, पण माझा म्हणावा असा नाही." त्या जराशा हसल्या. "म्हणजे हात गेला माझा. रांगेत चाळीस जण आहेत, उद्यापासून कळवते सगळ्यांना. उगाच नावावर पैसे कशाला घ्यायचे?"

"नाही हो, मिस ओडेसा! मी ऐकलंय ना, काय बोलताय तुम्ही!"

"तू चांगला आहेस म्हणून म्हणतोस."

हॉलिसने हातातलं चिकन ताटात परत ठेवलं. गप्प बसलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. बाई घरी गेल्या असत्या, तार गुंडाळायच्या यंत्रावर कायमचं कापड टाकलं असतं. बोललं तर आपली एकतीस वर्षं गेली. आणि बाईंना वाचवायचं तर जुन्याच पिकअपवर भाळलेल्या डेल्बर्टला भरल्या सभागृहात उघडं पाडायचं. त्याला पळून जावंसं वाटलं.

"तो तुमचा नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तुमचा मी मोडला, मिस ओडेसा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने. तुमचा माझ्या दुकानात डब्यात पडलाय. गिटारीत जुनाच आहे, पहिल्यापासूनचा. मी कुणाला सांगितलं नाही. मला लाज वाटली."

शेजारच्या टेबलावरची बोलणी थांबली. ओडेसाबाईंनी आधी त्याच्याकडे, मग आपल्या बोटांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच रागाने लाल झाला.

"मघापासून मी या हाताला दोष देतेय," त्या म्हणाल्या. "चाळीस जणांना नाही म्हणून कळवणार होते! आणि तू समोर बसून चिकन खातोयस?"

"हो."

"उद्या सकाळी तो घेऊन माझ्या घरी ये. तुझ्यासमोर गुंडाळीन, आणि माझ्यासमोर बसवशील. पितळी हत्यार आहे ना तुझ्याकडे? का तेही मीच देऊ?"

"आहे."

डेल्बर्ट इतका वेळ हललाच नव्हता. हॉलिसला वाटलं, आता हा शिव्या देईल, हात उगारेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. पण डेल्बर्टची मान कानांपर्यंत लाल झाली होती आणि तो ताटातल्या ब्रेडकडे बघत होता. शेण हॉलिसने खाल्लं होतं, आणि लाज सगळ्यांदेखत डेल्बर्टच्या तोंडावर उमटली होती.

"हॉलिस," तो हळू आवाजात म्हणाला, "मग त्या संध्याकाळी मी रडलो, ते काय ऐकून?"

या प्रश्नाचं उत्तर हॉलिसच्या जिभेवर एकतीस वर्षं तयार होतं: स्वतःच्याच कानांना दिलेली लाच. शेकडो लोकांना त्याने ते हसत हसत ऐकवलं होतं.

"मला माहीत नाही रे," तो म्हणाला.

डेल्बर्टने मान हलवली. गिटारीची पेटी उचलून, पुडिंगला न थांबता, तो बाहेर पडला.